पबातली कविता आणि पबचे दार

इंग्लंड आणि वेल्समध्ये बिअर व पब यांच्या गौरवासाठी कवितेच्या स्पर्धा भरतात. कधी एखादा बिअरचा कारखाना त्या भरवतो, कधी गावचा साहित्य-उत्सव, तर कधी पबमालक स्वतःच. हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडेल. ती पडणे स्वाभाविक आहे. गुत्त्याने आपल्या वस्त्यांचे काय केले, हे आपण पुस्तके वाचून शिकलेलो नाही. ते आपल्या आयांच्या पाठीवरच्या वळांवरून शिकलो आहोत. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. या जातीच्या कविता लक्षपूर्वक वाचल्या तर असे दिसते की, त्यांत बिअर बहुधा नावापुरती असते. गौरव असतो तो एका खोलीचा. पेटलेली शेकोटी, ओले कोट, झिजलेला बाक, त्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेले गाडीवान, खाणकामगार, मास्तर. आणि या सगळ्यांवर तरंगणारा एक दावा, की या खोलीत सगळी माणसे सारखी आहेत.

समतेचा दावा कोणीही, कोणत्याही ठिकाणाविषयी केला, तरी तो तपासून घेणे हे आपले काम आहे. देवळाविषयी तो केला गेला, वारीविषयी केला गेला, गावकीविषयी तर रोज केला जातो. मग पबालाच सूट का द्यावी?

प्रथम पब म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. पब्लिक हाऊस या शब्दाचे ते लघुरूप. सरकारी परवाना असलेले, येणाऱ्याजाणाऱ्याला उघडे असलेले घर. इंग्रजी मजुराच्या स्वतःच्या घरात हिवाळ्यात पुरेसा विस्तव नसे, दिव्याला तेल नसे, बसायला जागा नसे. पबात हे तिन्ही मिळे. विल्यम ब्लेकने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या कवितेत एक भटके पोर आपल्या आईला सांगते की, चर्च थंडगार आहे आणि दारूचे घर उबदार आहे. ब्लेक काही दारूचा भाट नव्हता. गरिबाला ऊब कोण देतो, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि तो त्याने धर्मपीठाला विचारला होता.

या उबदार खोलीत राजकारणही जन्मले. १७९२ च्या जानेवारीत टॉमस हार्डी या चांभाराने लंडनच्या एका पबात मोजक्या सोबत्यांना जमवून लंडन करस्पाँडिंग सोसायटी स्थापन केली. आठवड्याला एक पेनी वर्गणी, सभासदसंख्येला मर्यादा नाही, आणि मागणी प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताची. चामडे शिवणारा हात तिथे राज्यघटनेचा मसुदा हाताळू लागला, आणि सरकारने १७९४ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. (ज्युरीने त्याला निर्दोष सोडले.) १८४७ मध्ये कम्युनिस्ट लीगच्या ज्या परिषदेने मार्क्स-एंगल्सवर जाहीरनामा लिहिण्याचे काम सोपवले, ती लंडनच्या सोहो भागात, रेड लायन नावाच्या पबच्या माडीवर भरली होती. सभेसाठी दुसरी जागा गरिबाला देणार कोण? सभागृहे मालकांची, चर्च मालकांचे. तेव्हा पबच्या बाजूने जे बोलता येईल ते एवढे आहे, आणि ते थोडे नाही.

आता कवितेच्या स्पर्धेकडे वळू. पबात कवींची स्पर्धा ही अलीकडची हौस नव्हे. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. त्याची भाषा वेगळी, आणि इंग्रजी सत्तेने ती शतकानुशतके खालची मानलेली. तिथे कवींच्या स्पर्धेला 'आइस्तेद्वोद' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी 'बसणे' हे क्रियापद आहे. आपण 'बैठक' म्हणतो तसेच. ११७६ मध्ये कार्डिगनच्या गढीत पहिली मोठी बैठक भरल्याची नोंद आहे. पण या बैठकींच्या इतिहासातले एक पान फारसे मिरवले जात नाही. १५६७ मध्ये राणी एलिझाबेथने एक आज्ञापत्र काढले आणि त्यानुसार काइर्विस या गावी कवी-गायकांची परीक्षा झाली. हेतू उघड होता. जे खरे कवी ठरतील त्यांना परवाना द्यावा, आणि उरलेल्या फिरस्त्यांना भटके ठरवून कामाला जुंपावे. स्पर्धा म्हणजे गुणांचा गौरव असे आपण सहज म्हणतो. कोणाला कवी म्हणू नये हे ठरवण्याचे ते सरकारी यंत्र होते, हे मात्र विसरतो.

पुढे राजाश्रय आटला, जमीनदार इंग्रजी बोलू लागले, आणि वेल्श कवितेला राहायला घर उरले नाही. अठराव्या शतकात तिला आसरा दिला तो पबांनी. पंचांग छापणारे लोक आपल्या पंचांगात जाहीर करत की, अमुक दिवशी अमुक गावच्या पबात कवींची बैठक आहे. आसपासचे विणकर, शेतकरी, सुतार, पिंपे बांधणारे कारागीर जमत. विषय जागच्या जागी दिला जाई आणि बिअरचा पेला हातात धरून चार ओळींचे बांधीव छंद रचले जात. पंडित या बैठकींना हसत. पण भाषा टिकली ती त्या हशातूनच. कलगी-तुऱ्याचे फड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तिथेही शाहिराला समोरच्याने घातलेले कोडे पहाटेपर्यंत सोडवायचे असते, आणि न्याय देतो तो जमिनीवर बसलेला समाज.

१७८९ मध्ये हे बदलले. कॉर्वेन गावच्या टॉमस जोन्स या गृहस्थाने लंडनमधल्या वेल्श लोकांच्या ग्विनेदिगियॉन या मंडळाला पत्र लिहून बैठकीला पाठबळ मागितले. गमतीची गोष्ट अशी की, हे जोन्स अबकारी खात्यात नोकर होते. कवी जी बिअर पीत तिच्यावरचा कर वसूल करणाऱ्या खात्याचा माणूसच कवितेचा कैवारी झाला. लंडनचे मंडळही पबातच भरे. मे महिन्यात कॉर्वेनला बैठक झाली. स्पर्धकांत तिघे मुख्य होते, आणि त्यांतल्या दोघांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पहिला टॉमस एडवर्ड्स, लोकांच्या तोंडी 'टूम ओर नान्त', म्हणजे नान्तचा टूम. जन्म १७३९. शाळा अशी त्याला मोजक्या आठवड्यांचीच मिळाली. पोटासाठी तो गाडीवर लाकडाचे मोठमोठे ओंडके वाहून नेई. आणि जत्रेत, शेताच्या खळ्यात, पबच्या अंगणात, गाडीचाच रंगमंच करून तो छंदोबद्ध सोंगे करी. त्यात एक कंजूष, एक सोंगाड्या, आणि मग जमीनदार, त्याचा कारभारी, वकील, पाद्री, करवसुली करणारा, असे एकेक जण सोलून काढले जात. आपल्या तमाशातला वग ज्याने पाहिला आहे त्याला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा वॉल्टर डेव्हिस, काव्यनाम ग्वाल्टर मेखाइन. हाही काही श्रीमंताघरचा नव्हे. पिंपे बांधण्याचे काम केलेला तरुण. पण त्याची नजर विद्यापीठाकडे आणि चर्चकडे लागलेली होती.

कॉर्वेनच्या परीक्षकांचे एकमत होईना. कविता लंडनला धाडल्या. लंडनच्या मंडळाने ग्वाल्टरला विजयी ठरवले. पुढे असेही उघड झाले की, जोन्सने विषयांची कल्पना ग्वाल्टरला आधीच दिली होती! मंडळातल्या डेव्हिड सॅमवेलला हा निकाल मुळीच पटला नाही. हा सॅमवेल कॅप्टन कुकच्या सफरीतला जहाजावरचा डॉक्टर; कुकचा मृत्यू झाला तेव्हा तो त्या सफरीत होता. त्याने स्वतःच्या वतीने टूमला चांदीची लेखणी दिली. ग्वाल्टर पुढे ऑक्सफर्डला गेला आणि पाद्री झाला. टूम कष्टकरीच राहिला.

मला या प्रसंगात लबाडीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जोवर बैठक पबातली होती तोवर निकाल त्या खोलीत लागत होता. पाठबळ आले, पदक आले, आणि त्याबरोबर परीक्षक दूरच्या शहरातून निकाल पाठवू लागला. ग्विनेदिगियॉनवाल्यांना काव्य हवे होते, पण शुद्ध, जुन्या छंदशास्त्रात बसणारे. खळ्यातल्या सोंगाची रांगडी भाषा त्यांना पेलवणारी नव्हती. दलित कवितेला 'हे काव्य आहे काय?' असे विचारणारे परीक्षक आपल्याकडे काही कमी झाले नाहीत. तेव्हा टूमला मिळालेली ती लेखणी, बक्षीस हुकल्यावर एका माणसाने वेगळी दिलेली, मला त्या पदकाहून अधिक बोलकी वाटते.

जाता जाता एक. या कवींना प्राचीन द्रुइड पुरोहितांचे वारस ठरवणारा 'गोर्सेद्द' नावाचा विधी इओलो मॉर्गान्वग या पाथरवटाने शोधला, म्हणजे खरे तर स्वतःच रचला, आणि १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर साजरा केला. १८१९ मध्ये कारमार्दनच्या आयव्ही बुश या खानावळीच्या बागेत तो आइस्तेद्वोदला जोडला गेला. परंपरा बनवता येते आणि मग ती हजारो वर्षांची म्हणून खपवताही येते, याचा हा उत्तम दाखला आहे. त्याच इओलोने आपल्या दुकानात गुलामांच्या श्रमाची साखर ठेवण्यास नकार दिला होता, हेही सांगितले पाहिजे. आणि त्या प्रिमरोज हिलच्या पायथ्याशीच, १० किंग हेन्रीज रोड या घरात, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते. त्या टेकडीवरचा वेल्श विधी त्यांच्या वाटेत आला असेल असे मला वाटत नाही. त्यांची वाट ग्रंथालयाची होती.

बिअरच्या गौरवामागे नेहमी निरागस आनंदच असतो असे मानण्याचे कारण नाही. १७५१ मध्ये विल्यम होगार्थने दोन चित्रे छापली: बिअर स्ट्रीट आणि जिन लेन. पहिल्यात गुबगुबीत, उद्योगी, सुखी प्रजा. दुसऱ्यात मरणकळा, आणि जिनच्या नशेत हातातले मूल खाली पडू देणारी आई. खाली जेम्स टाउनली या पाद्र्याची पद्ये. त्याच वर्षी जिनवर निर्बंध घालणारा कायदा झाला. जिनचे दुष्परिणाम खोटे नव्हते. पण एक दारू राष्ट्राची आणि दुसरी दरिद्र्यांची, ही वाटणी ज्यांनी केली त्यांत बिअरचे कारखानदार आणि जवाच्या शेतांचे मालक यांचा तोटा नव्हता. १८३० च्या कायद्याने तर दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकण्याची मुभा दिली. आणि हेच राज्यकर्ते मुंबई इलाख्यात काय करत होते? १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यांनी गावोगावच्या भट्ट्या मोडून ठेकेदारांच्या हाती दारू दिली, आणि १८९२ च्या कायद्याने मोहाचे फूल जवळ बाळगण्यावरही बंधने घातली. ज्या आदिवासीला मोह हे दुष्काळात अन्नही होते, तो स्वतःच्या झाडाखाली गुन्हेगार झाला. इंग्रजांची बिअर कवितेत गेली, मोहाची दारू पोलिसाच्या पंचनाम्यात.

आणि इंग्रजी मजूर तरी त्या सुखी चित्रात कितपत होता? खाणीतल्या मजुरांची मजुरी पबात वाटली जाई. मुकादमाचे आणि पबमालकाचे साटेलोटे असे. पैसे हातात पडेपर्यंत उधारीच्या पेल्यांत अर्धे गेलेले असत. खाणीपुरती ही चाल १८४२ च्या कायद्याने बंद केली, इतर कामगारांसाठी १८८३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. शनिवारी रात्री रिकाम्या खिशाने घरी येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई पबच्या गौरवगीतात कोठे आहे? ती खोलीच्या बाहेर आहे. लंडनच्या पत्रकारांचा अड्डा असलेल्या एका प्रसिद्ध मद्यगृहात बाईला पुरुषांबरोबर काउंटरशी उभे राहून पेय मागता येत नसे. तिने मागच्या खोलीत टेबलाशी बसावे असा नियम होता. तो मोडायला १९८२ साल उजाडले, आणि तेही एका पत्रकार बाईने आणि एका वकील बाईने अपील कोर्टापर्यंत झगडल्यावर.

म्हणूनच गरिबांमधूनच दारूविरुद्ध चळवळ उभी राहिली यात आश्चर्य नाही. लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावी १८३२ मध्ये जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सोबत्यांनी शपथ घेतली. लिव्हसी स्वतः हातमागावर बसून वाचायला शिकलेला माणूस. वेल्समध्ये या चळवळीला आणखी एक डंख होता. १८४७ मध्ये तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्समधल्या शिक्षणावर अहवाल दिला. त्यांना वेल्श भाषा येत नव्हती. तरी त्यांनी लिहिले की हे लोक अज्ञानी आहेत, त्यांच्या बायका नीतिभ्रष्ट आहेत, आणि त्यांची भाषा प्रगतीच्या आड येते. हा घाव वेल्श समाजाने मनावर घेतला. आम्ही स्वच्छ आहोत, सभ्य आहोत, पिणारे नाही, हे सिद्ध करण्याची जणू अहमहमिका लागली. १८६१ मध्ये अबर्देर येथे पहिली राष्ट्रीय आइस्तेद्वोद भरली. १८८१ मध्ये रविवारी पब बंद ठेवण्याचा कायदा वेल्सपुरता झाला. आधुनिक काळात केवळ वेल्ससाठी झालेला तो पहिला कायदा. राष्ट्रीय बैठकीच्या मैदानावर बिअर परत यायला एकविसावे शतक उजाडले.

येथे आपल्या वाचकाला आपलाच इतिहास आठवेल. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी विरोध केला होता. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या 'देवी'च्या चळवळीत हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली, आणि पिठेवाल्या सावकारांशी असहकार केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असे म्हणणाऱ्या आपल्या सुशिक्षित तरुणांसाठी सांगतो, पंचशीलातल्या 'सुरा' या शब्दाचा अर्थ पाली टीकाकारांनी पीठ, भात, किण्व यांपासून आंबवलेले पेय असा केला आहे. म्हणजे धान्याची बिअरच! पळवाट तिथेही ठेवलेली नाही.

पण दारू सोडणे आणि दारूच्या जागी जमणारी माणसे सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेल्समध्ये पब सुटला तेव्हा त्याबरोबर टूमची सोंगेही सुटली. चर्चच्या नव्या पंथांनी त्यांना अश्लील ठरवले आणि ती कला जवळजवळ नाहीशी झाली. आंबेडकरी जलशांनी याहून शहाणपणाचा मार्ग धरला. त्यांनी तमाशाचा सांगाडा, ढोलकी, सवाल-जवाब आणि सोंगाड्या ठेवला. गण-गवळणीतले देव आणि गुत्ता बाहेर ठेवला. जमाव तोच राहिला, त्याची भाषाही तीच राहिली. वेल्श कवींना हे शंभर वर्षांनी सुचले असे म्हणावे लागते. त्यांच्याकडे आता 'स्टॉम्प' नावाची चढाओढ असते. हातात पेला, समोर आरडाओरडा करणारे श्रोते, परीक्षक कोणीच नाही. श्रोते मत देतात. राष्ट्रीय बैठकीत विजयी कवीला कोरीव खुर्ची मिळते, स्टॉम्पमध्ये साधे तिपाईचे स्टूल. टूम ओर नान्तला हे स्टूल नक्की मिळाले असते.

आता राहिला दाराचा प्रश्न. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये आपल्या आवडत्या पबचे वर्णन करणारा एक लेख लिहिला आणि शेवटी प्रामाणिकपणे सांगून टाकले की असा पब अस्तित्वातच नाही. या प्रामाणिकपणाबद्दल मला ऑर्वेल आवडतो. प्रत्यक्षातल्या पबला एकच खोली नसे. पब्लिक बारमध्ये फरशी आणि कष्टकरी. पलीकडे सलून किंवा स्मोक रूममध्ये गालिचा, दोन पैसे जास्त आणि बरे कपडे. मधे भिंत. गावात एकच विहीर आहे असे सांगणाऱ्याला आपण जो प्रश्न विचारतो, तोच येथे विचारला पाहिजे: कोणत्या बाजूने पाणी भरायचे?

बर्मिंगहॅमजवळचे स्मेथिक हे ओतकामाच्या भट्ट्यांचे गाव. १९५० नंतर तिथे पंजाबी मजूर मोठ्या संख्येने आले. भट्टीपुढे दिवसभर घाम गाळणाऱ्या या माणसांना काही पबांत मुळीच प्रवेश नव्हता, काहींत पब्लिक बारमध्ये होता, पण स्मोक रूममध्ये नव्हता. १९६४ च्या निवडणुकीत तिथे उघड वर्णद्वेषी प्रचार झाला आणि तो करणाऱ्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल, स्वतः भट्टीत काम करणारे, यांनी एक साधी युक्ती काढली. गोरे विद्यार्थी आधी आत जाऊन पेय घेत; मागून काळे आणि हिंदी सोबती जात. नकार मिळाला की साक्षीदार तयार. मग परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हरकत घ्यायची. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या निमंत्रणावरून माल्कम एक्स स्मेथिकला आले. ब्लू गेट्स या पबच्या स्मोक रूममध्ये त्यांना पेय नाकारले गेले. ते पब्लिक बारमध्ये जाऊन बसले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा अमलात आला आणि पबातला हा भेद बेकायदा ठरला. महाडच्या तळ्याचे पाणी काही अमृत नव्हते, आणि ब्लू गेट्समधली बिअरही नव्हती. प्रश्न पेयाचा नव्हताच.

पुढे भट्ट्या बंद पडल्या, गोरे गिऱ्हाईक पांगले, आणि ओस पडू लागलेले पब पंजाबी मालकांनी चालवायला घेतले. आज त्यांना 'देशी पब' म्हणतात. लोखंडी तव्यावर चरचरत येणारे मांस, पंजाबी गाणी, शेजारी बसलेले गोरे म्हातारे. वर्तमानपत्रे त्यांचे कौतुक करतात आणि त्यांच्यावर कविताही होतात. कौतुक रास्त आहे. पण त्या गाण्यांत जाटांच्या मर्दुमकीची गाणी किती असतात, आणि ती लागली की त्याच बाकावर बसलेला रविदासी मजूर काय ऐकतो? वर्णाची भिंत पाडून जे आत गेले, त्यांच्याबरोबर जातही आत गेली. रविदासी लोकांना इंग्लंडात वेगळे गुरुद्वारे बांधावे लागले. त्यांच्यातल्या आंबेडकरवाद्यांनी विहार उभारले. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची केवळ मुभा होती. २०१३ मध्ये संसदेने ते सरकारचे कर्तव्य ठरवले. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने जाहीर केले की तसे करण्याची गरज नाही, कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. २०१४ च्या एका निकालाने जातीची काही प्रकरणे 'वांशिक मूळ' या शब्दात बसू शकतात असे म्हटले आहे, त्यावरच भिस्त. गोऱ्या पबमालकाविरुद्ध १९६५ मध्ये जे नाव घेऊन तक्रार करता आली, तसे जातीचे नाव त्या कायद्यात लिहिलेले नाही.